तू नव्हे, तू पाठदुखी!

…नाही नाही, नाव नका सांगू! थांबा — तोंड मिटा आधी. कर्म माझं, सांगतच होतात की तुम्ही. नाव आधी विचारायचं नाही, माणूस आपणहून सांगायला लागला तरी आधी त्याला श्वास घेऊ द्यायचा, हे आम्हाला पहिल्या दिवशी पहिल्या तासाला शिकवलंय — तुम्हालाही ठाऊक आहे ते, तेव्हा उगाच मला पकडायला बघू नका. हे घ्या कार्ड. पेलिकन. आता तुम्ही पेलिकन. नातीच्या खेळातली कार्डं आहेत ही — खेकडा, ऑक्टोपस, कासव, सगळे आहेत — आकडे देऊन बघितले आम्ही, पण लोक कार्ड उलटं धरतात आणि माझा सहा की नऊ म्हणून भांडतात. पेलिकन उलटा धरला तरी पेलिकनच. परवा कासिमिरोआजोबांना समुद्रसिंह आला तर कोण खूश झाले, आणि त्यांच्या बायकोला देवमासा आला, ती अजून बोलत नाही माझ्याशी. बसा. बाकडं रिकामं आहे, एक वाजलाय, सगळे जेवायला गेलेत — एक वाजता येणारा माणूस मुद्दाम एक वाजता येतो, खरं ना? मी वर बघितलं की नाही तुम्ही आलात तेव्हा? बघितलं. डोळ्यांत बघितलं? बघितलं. हसले? हसले — दात दाखवून नाही, 'आपुलकीनं, पण थट्टा वाटू नये असं'. आरशासमोर आठ दिवस घोटवलंय ते हसू. लिहून घ्या.

घाबरू नका, मी कुणाला सांगणार नाही तुम्ही कोण ते. दारातून आत आलात तेव्हाच कळलं मला. एकतीस वर्षं या खिडकीत बसलेय, अख्खं बंदर माझ्यासमोरून खोकत गेलंय, मला माणूस कळत नाही होय? इस्त्रीचा नवा शर्ट, एवढ्या उन्हात. आवाज इतका खालचा की काचेला कान लावावा लागला. आणि काय म्हणालात? 'मी आधी एकदा आलो होतो इथं, पण…' — आणि त्या 'पण'वर थांबलात! वा! काय थांबलात! मी मनात म्हटलं, ओतिलिया पेरिचे, आला गं बाई, आला तो खोटा पेशंट. — आता असे बघू नका. ब्रिसेइदाबाईंनीच सांगितलं होतं आम्हाला, लिमाच्या त्या मानसतज्ज्ञ, तुमच्याच ऑफिसातल्या, तुम्ही ओळखत असाल — शिबिराच्या शेवटच्या दिवशी, पावात डुकराचं मटण खाऊन सगळे पेंगत असताना म्हणाल्या, 'तीन महिन्यांच्या आत एक माणूस तुमच्याकडे पेशंट बनून येईल. मी पुरुषावर प्रेम करणारा पुरुष आहे असं सांगेल. तो कोण, हे तुम्हाला कळणार नाही. तुम्ही त्याच्याशी कसं वागलात ते तो लिहून नेईल आणि वीसपैकी मार्क देईल.' झोप उडाली सगळ्यांची. चौदाच्या खाली आले तर ओतिलियाबाईंची खिडकी गेली — हे त्या नाही म्हणाल्या, हे आमचे डॉक्टर बांकायान म्हणाले, माझ्याकडे बघून. खिडकी गेली की मागच्या खोलीत, जुन्या फायलींत. तिथं उंदीर आहेत आणि बोलायला कुणी नाही. उंदरांचं काही नाही हो, मी बंदरातली आहे. पण बोलायला कुणी नाही!

आज किती झाले? अकरा आठवडे. अकरा आठवडे येणाऱ्या प्रत्येक परक्या माणसाशी मी इतकं गोड बोललेय की जिभेला मुंग्या लागतील. पहिल्याच आठवड्यात एक आला, हातात वही, भिंतीकडे बघतोय, छताकडे बघतोय — मी म्हटलं हाच. त्याला बसवलं, पाणी दिलं, म्हटलं, 'तुम्ही जसे आहात तसे आमचे आहात, इथं तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही.' त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. आत पाठवला. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, रक्त तपासलं, निरोधची पाकिटं दिली — मग तो म्हणाला, फार उपकार झाले, आता पाण्याचं मीटर कुठंय तेवढं दाखवता का? मीटर बघायला आलेला मेला! बरं, रक्त देईपर्यंत बोलला का नाहीस, तर म्हणतो, तुम्ही एवढ्या प्रेमानं सांगत होता, मला वाटलं हल्ली सगळ्यांनाच करतात. — हसलात? बरं झालं हसलात. पण पुढं ऐका, आता तो दर पंधरवड्याला येतो. मीटर महिन्यातून एकदाच बघायचं असतं. म्हणतो, मावशी, या गावात माझ्याशी इतकं नीट कुणी बोललेलं नाही. त्याला बायको आहे, तीन पोरं आहेत. त्यालाही देते मी खेकड्याचं कार्ड, बसतो बिचारा थोडा वेळ पंख्याखाली.

पण तुमची गोष्ट निराळी. कामात पक्के आहात तुम्ही, मानलं बाई. हा डावा हात आल्यापासून खिशात. कार्ड घेतलंत तेही उजव्यानं, तेही चाचपडत, सवय नसल्यासारखं. तोंड माझ्याकडे आणि पाय दाराकडे — पळायच्या तयारीतला माणूस असाच बसतो, शंभर बघितलेत मी. हे तुम्हाला शिकवतात की तुमच्या अंगातच आहे? आणि घाम! खरा घाम आणलाय माणसानं. थांबा, पंखा तुमच्याकडे वळवते. खडखडतो, पण वारा देतो.

शिबिर चांगलं झालं, तसं लिहा वर. मी गेले होते ती तोंड वाकडं करूनच. म्हटलं, एकतीस वर्षांनी मला कोण शिकवणार 'पुढचा' म्हणायला? तीन दिवस शाळेच्या हॉलमध्ये, पोरांच्या बुटक्या खुर्च्यांवर, गुडघे कानाशी. पहिल्या दिवशी शब्द. हे म्हणायचं नाही, ते म्हणायचं नाही, 'तसले' तर अजिबात म्हणायचं नाही — मी विचारलं, मग म्हणायचं काय? तर पिउराहून आलेला तो नोल्बेर्तो, केस कापतो तिकडे, स्वतः तसल — स्वतः पुरुषावर प्रेम करणारा, लपवत नाही, नखं माझ्यापेक्षा नीट — तो म्हणाला, 'ओतिलियाबाई, "या, बसा" म्हणा. तेवढं पुरतं.' मला राग आला. कारण बरोबर होतं ते.

दुसऱ्या दिवशी सोंगं. डॉक्टर बांकायानना पेशंट व्हायला सांगितलं, घाबरलेला पेशंट, लाजणारा. ते इतके लाजले की उचकी लागली, ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही. मग ब्रिसेइदाबाई मला म्हणाल्या, ओतिलियाबाई, तुम्ही पुरुष व्हा. कागदाची मिशी चिकटवली मला, खळीनं. आणि नोल्बेर्तो झाला मी! माझा चष्मा नाकाच्या टोकावर, माझी शाल, रजिस्टरात मान खाली — आणि ओरडला, 'पुढचा! काय झालंय? कुठं झालंय? मोठ्यानं बोल, पंखा वाजतोय!' हॉल फुटला हसून. हुबेहूब मी! त्यानं मला कधी बघितलेलंसुद्धा नव्हतं हो, म्हणे प्रत्येक दवाखान्यात अशी एक असतेच. मीपण हसायला गेले — आणि काय झालं कोण जाणे. सगळी तोंडं माझ्याकडे वळलेली, मला म्हणायचं होतं 'जरा खासगी आहे', दोन शब्द, ते निघेनात. 'मोठ्यानं!' म्हणाला तो परत. आणि मिशी गळून पडली माझी. का, तर ओली झाली. खळ ना. — हे लिहू नका. किंवा लिहा, 'शिबिराचा परिणाम' म्हणून लिहा.

आता मी तशी ओरडायचे का, तेही ऐकून घ्या, दुष्ट आहे म्हणून नाही ओरडत कुणी. या बंदरात आडनावं किती? मोजा — केरेवालू, फिएस्तास, एचे, पेरिचे, झाली. बाकीचे बाहेरून आलेले. बारशाला नावंपण तीच ती, आज्याचं नातवाला, मामाचं भाच्याला. 'सान्तोस केरेवालू' पुकारलं की तिघं उठतात आणि चौथा बाहेरून धावत येतो. मग करायचं काय? मी आपली युक्ती काढली, आणि सगळे वाखाणायचे बरं का ती — नाव पुकारायचं आणि पाठोपाठ दुखणं. 'सान्तोस केरेवालू, मूळव्याध!' 'सान्तोस केरेवालू, गळू!' एका हाकेला एकच माणूस उठतो. एकतीस वर्षांत चुकीच्या माणसाला चुकीचं इंजेक्शन गेलेलं नाही इथं, विचारा कुणालाही. आणि लोकांना काही वाटायचं नाही हो. मूळव्याधवाला कसा ऐटीत उठायचा. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा 'मूळव्याधवाले केरेवालू' असं — नाही, हे मी वाढवून सांगतेय. पण हाक मारायचे लोक तशी.

मग गेल्या वर्षी — नको, जाऊ द्या. — बरं, सांगते, तुमच्या कागदावर असणारच ते, त्यावरूनच तर हा सगळा पसारा झाला. लसीकरणाचा मंगळवार. बाकड्यावर मुंगी शिरायला जागा नाही, पोरं केकाटताहेत, माझी मान रजिस्टरात. आठ दिवसांपूर्वी एक जण रक्त देऊन गेला होता, त्या दिवशी त्याचा रिपोर्ट द्यायचा होता. मी पुकारलं, 'सान्तोस केरेवालू!' दोघं उठले. दोन सावल्या पडल्या माझ्या पानावर, तेवढ्यावरून कळलं, वर कोण बघतोय! आणि उचलली जीभ, लावली टाळ्याला — 'तू नव्हे, तू पाठदुखी! दुसरा! तो पुरुषांबरोबर जातो, त्या तपासणीवाला!'

पोरंसुद्धा रडायची थांबली. मग दोमितिला म्हणाली — मासे विकते ती — 'अगं बाई, केरेवालूंच्यातपण निघाला का एक!' आणि अख्खं बाकडं हसलं. मी वर बघितलं तेव्हा दार हलत होतं नुसतं.

आणि तो पाठदुखीवाला! त्यानं पाठ विसरून आठ दिवस बंदर पालथं घातलं. घरोघर जाऊन सांगतोय, मी पाठदुखी, मी पाठदुखी! माझ्याकडे दाखला मागायला आला, शिक्क्यानिशी. मी दिला नाही, तर तक्रारवहीत चार पानं लिहिली त्यानं, बारीक अक्षरात, एक्स-रे जोडला. ती चार पानं गेली पिउराला, पिउराहून लिमाला, आणि लिमाहून आल्या ब्रिसेइदाबाई. म्हणजे बघा — जो पळाला त्यानं एक ओळ लिहिली नाही कुठं. शिबिर झालं ते पाठदुखीच्या अब्रूसाठी.

अहो — अहो, उठलात का? चेहरा पांढरा पडलाय तुमचा. हेही आहे का कागदावर, 'रुग्ण उठून जाऊ लागल्यास'? आहे ना, शिबिरात दिलेल्या पुस्तकात, सतरावं पान, पाठ आहे माझं: दार अडवायचं नाही, हाताला धरायचं नाही, पाणी द्यायचं आणि म्हणायचं, 'जायचं तर जा, परत यायला दार उघडं आहे.' हे घ्या पाणी. दार उघडं आहे. — नाव घेतलं मी त्याचं आत्ता, हो, घेतलं, चुकलं, कापा मार्क. या तोंडाला कुलूप लावायला तीन दिवस पुरत नाहीत. पण दोन मिनिटं बसाल तर बरं होईल, कारण खरी गोष्ट पुढंच आहे आणि ती मी शिबिरात सांगितलेली नाही. डॉक्टरांनाही नाही. बसलात? देव भलं करो.

त्याचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. या इथं, ड्रॉवरमध्ये, कुलपात, मेर्सेदेस मातेच्या तसबिरीखाली. दहा महिने. डॉक्टरांनी पाकिटावर लाल पेननं लिहिलंय, 'ताबडतोब', खाली दोन रेघा. रोगाचं नाव रजिस्टरात मीच उतरवलंय, पण सांगणार नाही, तेवढी शिकलेय मी — पण तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक, कुल्ल्यात, की गेला तो रोग, मागमूस राहत नाही. तीन! आणि नाही घेतली तर हळूहळू डोळ्यांत उतरतो, डोक्यात उतरतो. तीन सुयांसाठी धडधाकट माणूस आंधळा व्हायचा, आणि का, तर ओतिलियाची जीभ. मग शोधायला नको? पण शोधू कसं? फोन लिहून दिलेला, त्यात एक आकडा कमी. पत्ता दिलेला 'चर्चच्या मागं' — चर्चच्या मागं समुद्र आहे साहेब. बरं, विचारू कुणाला? सान्तोस केरेवालू कुठं राहतो म्हटलं की लोक विचारणार, कुठला गं, तो का? म्हणजे परत तेच, खिडकीऐवजी रस्त्यात उभं राहून ओरडायचं. तोंड उघडायची सोय नाही. मला! मला तोंड उघडायची सोय नाही!

आणि चेहरा मी बघितलेलाच नाही त्याचा. त्याची टोपी खाली, माझी मान खाली. बघितलाय तो फक्त हात, फॉर्मवर सही करताना, माझ्या नाकाखाली. डावखुरा. आणि करंगळी अर्धी, दोरखंडात सापडून जाते तशी. तुम्ही म्हणाल, मग सोपं आहे — अहो, या बंदरात दहाच्या दहा बोटांचा माणूस दिसला तर लोक विचारतात, शिक्षक आहात का. तरी निघाले. रोज पहाटे होड्या लागतात तेव्हा धक्क्यावर, पिशवी घेऊन, मासे घ्यायचं निमित्त. बायका मासे बघतात, मी हात बघते. जाळं सोडवणारे हात, बर्फ फोडणारे हात. एवढे मासे आणलेत घरी की नवरा बोलला — माझा फेर्मिन एरवी बोलत नाही, त्याच्या वाटचं मीच बोलते — पण तो म्हणाला, 'ओतिलिया, आपण माणसं आहोत की पेलिकन?' धक्क्यावर आवई उठलीय, म्हातारी खलाशांचे हात बघत फिरते, फेर्मिनचं काही खरं नाही. उठू दे. तीन डावखुरे सापडले एवढ्या दिवसांत. एकाचा अंगठा गेलेला, करंगळी शाबूत. एक ऐंशी वर्षांचा. तिसऱ्यानं मूठ मिटलेली होती, तर मी हात धरूनच उघडला — तो म्हणाला, मावशी, भविष्य सांगता का? काय करणार? सांगितलं. लग्न होईल म्हटलं. झालं त्याचं गेल्या महिन्यात, मला मासे आणून दिले.

का सांगतेय मी हे तुम्हाला? मार्कांसाठी नाही. मार्क गेले खड्ड्यात. ओरडले ते सवयीनं ओरडले, ते मी फादरपुढे कबूल केलंय, त्यांनी माफ केलंय, म्हणाले, जीभ देवानं दिलीय, आवरायची आपण. पण एक गोष्ट त्यांनाही नाही सांगितली. दोमितिला बोलली, बाकडं हसलं — तेव्हा मीही हसले, साहेब. दार हलताना बघितलं आणि तरी हसले. का? सगळे हसत होते म्हणून. आणि माझं हसणं वेगळं ऐकू येतं, फेर्मिन म्हणतो धक्क्यापर्यंत येतं. त्यानं ऐकलं असणार. पायऱ्या उतरता उतरता त्यानं ऐकलं असणार. थंडीत पहाटे निघते ना मी, ते रिपोर्टसाठी थोडं आणि त्या हसण्यासाठी जास्त. मला त्याला एवढंच म्हणायचंय, की बाबा, मला लाज वाटते रे. मग इंजेक्शनं. पुस्तकात आधी इंजेक्शनं असतील, पण मला तसं नाही जमायचं.

काय? काय म्हणालात? — नाही हो, ते नंतर, सही डॉक्टरांसमोर करायची असते, आत्ता हात कशाला काढताय, राहू द्या खिशा—

…

अगं आई गं.

…

थांब. बोलू नकोस. नाही — बोल, तुला हवं तर बोल — नाव नको! नाव नाही ऐकू आलं मला. पंखा वाजतोय ना, काही म्हणजे काही ऐकू येत नाही इथं. हात नको काढून घेऊस, राहू दे तसाच, बघू दे जरा. अर्धी करंगळी. चारशे पहाटा मी… बरं, तीनशे. आणि तू आपल्या पायानं आलास, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मी तुला म्हणतेय घाम छान आणलाय. देवा रे देवा. कुठं होतास? — मांकोराला? तिकडच्या होड्यांवर? आणि मी इथले मासे खातेय वेड्यासारखी! — हसतोस काय? हस. तू हस, तुला हक्क आहे. मी नाही हसणार. मी रडत नाहीये, हा चष्मा असाच आहे.

हे घे. पाकीट बंद आहे, शिक्का बघ, कुणी उघडलेलं नाही. डॉक्टरांच्या हातात तूच दे. भिऊ नकोस, तीन सुया आहेत फक्त, आणि त्यांचा हात हलका आहे, उचकी लागली नाही तर. डावीकडचं दार. जेवताहेत ते, जेवू देत, तू आपला खुर्ची ओढ आणि बस. मी पुकारणार नाही. आज कुणालाच पुकारणार नाही. तुझं सगळं ऐकलंस ना आत्ता — म्हणजे माझं. ते खरं आहे. लाज वाटते. जा आता. जा बाबा, माझ्याकडे बघत उभा राहू नकोस, माझ्याच्यानं बघवत नाही.

…

कोण? — या, बसा. नाही, बसू नका! काय हवंय? परत म्हणा. 'मी पुरुषांशी संबंध ठेवणारा पुरुष असून मला गोपनीय व आदरपूर्वक सल्ला हवा आहे'… अहो महाराज, हे आमच्या पुस्तकातलं वाक्य आहे, नववं पान, 'असून'सकट. आणि खिशातून कागद डोकावतोय तुमच्या, एक ते वीस चौकोन काढलेले. अकरा आठवडे वाट बघितली मी तुमची, आणि आत्ता उगवलात? ऐका. खरे असाल तर माफ करा, खोटे असाल तर शून्य द्या, दोघांनाही माझं सांगणं एकच — बाहेर अल्गारोबाचं झाड आहे, त्याच्या सावलीत जाऊन बसा. हे कार्ड घ्या, ऑक्टोपस. मक्याची गार चिचा पाठवते प्यायला. दोन वाजता या, तुमचं सगळं नीट करते, हसून करते. पण तोवर या खोलीत कुणी थांबायचं नाही. आतून जो बाहेर येईल त्याला इथं एकसुद्धा तोंड दिसता कामा नये. नियमात नाही? नसेल. लिहा. ओतिलिया पेरिचे, प्रवेश खिडकी, वीसपैकी शून्य. मागची खोली, उंदीर, सगळं चालेल. — काय? अहो, मोठ्यानं नका बोलू! हळू. आत माणूस आहे.